केसांचा रिपोर्ट

रिक्षा खाली थांबली होती आणि वत्सलाबाई केमोला जायला उठत नव्हत्या.

"पंचवटीतल्या त्या केंद्राचा रिपोर्ट आलाय. केसांवरून सगळं कळतं म्हणे. लोह, जस्त, समदं जागेवर हाय. आता मला सुया नको."

"आई, तुझ्या डोक्यावर केस तरी राहिलेत का?" तेजस्विनी वैतागली. "तू हट्ट धरलास म्हणून तुझ्या नावावर मी माझे कापून दिले. हा रिपोर्ट माझा आहे."

"ते मला ठाऊक नव्हतं व्हय? मी काय येडी हाय?" वत्सलाबाई हसल्या. "केस दिले तवाच त्यांनी दिलेल्या पावडरी रोज दुधात घालून तुलाच पाजत होते. माझी आई छातीच्या गाठीनं गेली, बहीण त्यानंच गेली, आता मी. तुझ्यात तर नाय ना, एवढंच बघायचं होतं. ते बघितलं. आता मी सुटले."

ती गाठ केसांत दिसत नाही, हे तेजस्विनीला माहीत होतं.

"नाही गं आई, माझ्यात काहीच नाही," ती म्हणाली आणि कालच्या बायॉप्सीची पट्टी तिने ओढणीने नीट झाकली.