साहेबरावांची टाकी

साहेबरावांनी प्रेरणानं आणलेल्या दांड्यावर कानस एकदाच फिरवली आणि चकचकीत थर कांद्याच्या पापुद्र्यासारखा सोलून निघाला.

"नाय धरत, पोरी," ते म्हणाले. नाकाला धरलेला रुमाल खाली घेऊन त्यांनी त्यावरचं रक्त पाहिलं आणि घडी करून खिशात ठेवला.

प्रेरणा पापुद्रा बोटांनी चुरत राहिली.

चिकलठाण्यातल्या या शेडमध्ये तिच्या वडिलांची उमर गेली होती. पंपांच्या लोखंडी दांड्यांवर ते क्रोमचा थर चढवत. टाकीतलं लालभडक पाणी म्हणजे जहाल आम्ल. त्यात वीज सोडली की वाफ उठायची. त्या वाफेनं त्यांच्या नाकाचा पडदा खाऊन आरपार भोक पाडलं होतं. त्यांचा भागीदार बन्सी गेल्या उन्हाळ्यात फुफ्फुसाच्या कॅन्सरनं गेला. आता डॉक्टरांनी साहेबरावांच्या एक्स-रेवरही बोट ठेवलं होतं.

"टाकी बंद करा, अण्णा."

"अन् करू काय? पुंडलिकनगरच्या घरी गॅलरीत बसून गाड्या बघू? तुझा थर माझ्या कानसेपुढं टिकला, त्या दिशी बंद करतो. शब्द हाय माझा."

प्रेरणा विद्यापीठात याच कामावर पीएचडी करत होती. कोंबड्यांच्या खाद्यात घालतात ते कोलीन क्लोराईड, विषारी नसलेलं क्रोमचं मीठ आणि थोडं पाणी, एवढ्यावर थर चढवायचा. जहरी वाफ नाही, लाल आम्ल नाही. पण लोखंड तो थर धरत नव्हतं. तिनं वीज कमी केली, वाढवली, दांडे घासून घासून आरशासारखे केले. शेडमागच्या खोलीत ती रात्री प्रयोग करायची; भिंतीपलीकडून अण्णांचा खोकला आला की ती लगेच पुढचा दांडा घासायला घ्यायची.

"होईल गं," तिचे सर म्हणाले, "दोन-तीन वर्षं दे अजून."

अण्णांकडे तेवढी वर्षं नव्हती.

सोमवारी सकाळी तिनं अण्णांच्या हातात एक दांडा ठेवला.

त्यांनी कानस फिरवली. मग जोर लावून फिरवली. दांडा भट्टीत तापवून गार पाण्यात बुडवला, पुन्हा घासला. थर जागचा हलला नाही.

साहेबराव उजेडात तो फिरवून फिरवून बघत राहिले.

"हुबेहूब माझ्यावानी झालाय," ते हळूच म्हणाले. "चुकत काय होतं मग?"

"ओलावा," ती दांड्याकडे न बघता म्हणाली.

"बन्सी पायजे होता आज."

साहेबराव शब्दाला पक्के. त्यांनी तिथल्या तिथं वीज तोडली. "ओत तुझं ते औषध," ते म्हणाले.

विष मारायचं द्रावण तिनं केव्हाचं तयार ठेवलं होतं. तोंडाला मास्क बांधून ती टाकीत ओतत गेली, लांब दांडीनं ढवळत गेली. लाल पाणी मळकट झालं, मग तपकिरी. शेवटी शेवाळासारखं हिरवं पडलं.

"परत लाल व्हतं का हे?"

"नाही होत. काहीही केलं तरी नाही."

साहेबरावांनी मोठा श्वास सोडला. तिच्या डोक्यावर हात ठेवला. कैक महिन्यांनी ते हसत होते.

"चल, भर आता तुझी टाकी. पयला दांडा मी लावणार."

प्रेरणानं मास्क काढला.

"अण्णा, सकाळचा दांडा तुमच्याच टाकीतला होता."