जोडणाऱ्या हाताची ओळख

सर्किट जोडताना ज्याच्या बोटांची ऊब लागते, त्याला नवे रोबो कधी विसरत नाहीत. म्हणून यंदा जिल्हा रोबो स्पर्धेची पहिली फेरी अगदी सोपी होती. रोबो रिंगणात सोडायचा आणि तो कोणाकडे जातो ते पाहायचं.

अशी फेरी ठेवा म्हणून आठवीतल्या हेमांगीने आयोजकांना वर्षभर पत्रं लिहिली होती. आज सकाळी ती जाहीर झाली, तेव्हा परीक्षक खानविलकर सरांचा चेहरा पडला होता. गेल्या वर्षी त्यांनीच तिचा रोबो भर सभागृहात बाद केला होता. "वडील फ्रिज दुरुस्त करतात ना तुझे? मग हे त्यांचंच काम," असं म्हणून त्यांनी ढाल स्वतःच्या मुलाच्या, अद्वैतच्या हातात दिली होती. तेव्हाचा हशा हेमांगीच्या कानांतून अजून गेला नव्हता.

तिचा रोबो तुरुतुरु तिच्या पायाशी आला. टाळ्या पडल्या, पण तिचं लक्ष पुढच्या रोबोकडे होतं.

अद्वैत हाका मारत राहिला. त्याचा रोबो त्याच्या शेजारून सरळ पुढे गेला, परीक्षकांच्या टेबलाखाली शिरला आणि मांजरासारखा खानविलकर सरांच्या बुटांना अंग घासू लागला. सरांनी पाय आखडून घेतले, तसा तो आणखीच बिलगला.

हेमांगी उभी राहिली.

"सर," ती गोड आवाजात म्हणाली, "वडिलांनी केलेला रोबो बाद ना? माइकवर सांगा, गेल्या वर्षीसारखं."