जावयाचं वाण

मृणाल तीन दिवस वडिलांच्या मूतखड्याच्या कळा सोसत होती. भाऊसाहेबांचं हृदय नाजूक, म्हणून डॉक्टरांनी बापलेकीच्या मनगटांना पट्टे बांधून दुखणं तिच्याकडे वळवलं होतं. खडा मात्र भाऊसाहेबांकडेच होता आणि हलायचं नाव घेत नव्हता.

"आता मला द्या," तिचा नवरा निनाद म्हणाला.

"भलतंच! जावयाला कोणी कळा देतं का?" भाऊसाहेब आरामात पेपर वाचत होते.

"मी ठीक आहे," मृणाल भिंतीला धरून म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

निनादला एकदम सुचलं. "बाबा, अधिक महिना चालू आहे. माझं वाण राहिलंय."

"अनारसे सांगितलेत की!"

"अनारसे नकोत. मी मागेन ते द्या."

भाऊसाहेब पेचात पडले. अधिकात जावई तोंडानं मागतोय म्हटल्यावर नाही म्हणायची सोय नव्हती. सासूबाईंनी रीतसर पाट मांडला, औक्षण केलं आणि मृणालचा पट्टा सोडवून निनादला बांधला.

निनाद पाटावरून थेट फरशीवर आडवा झाला. त्याच्या तोंडून जे शब्द निघाले ते सासूबाईंनी ऐकलेच नाहीत, असं ठरलं.

"आवडलं का?" भाऊसाहेबांनी काळजीनं विचारलं.

निनाद बायकोकडे बघत होता, देवळातल्या मूर्तीकडे बघावं तसा.

"हे सोसत," तो कसाबसा म्हणाला, "काल तू माझ्या विनोदांना हसत होतीस?"

"ते जास्त अवघड होतं," मृणाल म्हणाली आणि तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं.