बुटाच्या जाहिरातीतला आवाज

षटक संपलं आणि अरुंधतीने निवडायला घेतलेली मेथी तशीच बाजूला ठेवली. आता लागणार होती ती जाहिरात.

टीव्हीवर एक पोरगा पांढरे बूट घालून पायऱ्या चढत धावू लागला. मागून ड्रम धडाडले, गिटार किंचाळली आणि तो आवाज आला. गाणं इंग्रजी, एक शब्द कळेल तर शपथ! पण शेवटच्या ओळीला तो आवाज असा काही लांबायचा, की ही नकळत टीव्हीजवळ सरकायची. इतक्या जिवाच्या आकांताने कुणी कुणाला बोलावतं का? इथे तर "चहा टाक"च्या पुढे हाक नाही.

गिरिधर उठला. "अँटेना हलला वाटते," म्हणत गच्चीवर गेला. दर वेळी हेच. गाणं संपलं की खाली येऊन बसायचा.

"कोण गात असेल हो हे?" तिने विचारलं.

"असेल कोणी."

"काय गळा आहे पण!"

"गायला असेल एकदा. आता गातही नसेल." त्याने पाय वर घेतले. "स्कोर किती झाला?"

अस्सा माणूस! लग्नाला चार वर्षं झाली. त्याआधी दोन वर्षं मुंबईत होता म्हणे, पण तिथली एक गोष्ट कधी तोंडातून निघाली नाही. कोराडीचं वीज केंद्र, शिफ्ट, जेवण, झोप. वाईट नव्हता बिचारा, पण घरात साधं गुणगुणणं नाही.

"काय वं अरुंधती," शेजारची प्रेमिला चिडवायची, "तुले काहून एवढं क्रिकेटचं वेड लागून राहिलं? विकेट कशाले म्हणते, ते तरी माहीत आहे का?"

एक दिवस अरुंधतीने तिला खरं काय ते सांगून टाकलं. वाटलं, आता ही हसून हसून लोळणार. पण प्रेमिला उठली, आत गेली आणि नवऱ्याच्या बुटांचं रिकामं खोकं घेऊन आली. त्यावर जाहिरातीतल्या त्याच कंपनीचा मुंबईचा पत्ता होता.

"लिही. उत्तर माह्या घरी मागव."

अरुंधतीने लिहिलं, आणि एकदा लिहायला बसल्यावर हात थांबेना.

"तुम्ही कोण, मला माहीत नाही. माझे यजमान सज्जन आहेत, पण त्यांच्या शेजारी बसूनही मला एकटं वाटतं. तुमचं गाणं लागलं की वाटतं, कुणीतरी मलाच बोलावतंय. मला दुसरं काही नको. तुमचं नाव तेवढं कळवा."

खाली सही केली नाही, उत्तरासाठी प्रेमिलाचा पत्ता तेवढा दिला. पाकिटावर लिहिलं, 'जाहिरातीत गाणारे गायक यांस'.

पत्र पेटीत पडलं आणि मग तिला घाम फुटला. हे यांच्या हाती लागलं तर? संसाराचे तीन तेरा वाजतील! तरी ती रोज प्रेमिलाकडे चक्कर मारायची.

"आलं का गं?"

"नाही वं."

असा दीड महिना गेला. मग जाहिरातही बंद झाली आणि अरुंधतीला टीव्हीसमोर बसवेना.

त्या दिवशी गिरिधरची दुपारची शिफ्ट होती, म्हणून सकाळी तो घरीच होता. ती मागे कपडे वाळत घालत होती. पुढच्या दारी पोस्टमनची घंटी वाजली आणि गिरिधर गेला. बराच वेळ झाला तरी आत येईना, म्हणून ती ओल्या हातानेच पुढे आली.

तो उंबऱ्यात उभा होता. हातात तिचंच पत्र होतं, उघडलेलं.

तिने ओले हात पदराला पुसले. "अहो, मी..."

त्याने पाकीट तेवढं तिच्यापुढे धरलं.

अक्षर तिचंच होतं. कंपनीचा पत्ता मात्र लाल शाईने खोडलेला होता, आणि बाजूला मुंबईतल्या कुणीतरी त्या गायकाचं नाव आणि नवा पत्ता लिहिला होता: गिरिधर दत्तोपंत हरकरे, वीज वसाहत, कोराडी, जिल्हा नागपूर.