बिरोबाची काळी फरशी

मंगलनं बिरोबाच्या पटांगणात अनवाणी पाऊल टाकलं आणि झटकन मागं घेतलं. अंगावरच्या ओल्या साडीचं पाणी अजून टिपकत होतं.

"आवं, लय तापलंय."

"मग उन्हं कलल्यावर घाल की दंडवत," नानासो म्हणाला. "देव काय पळून चाललाय व्हय?"

"दुपारच्या निवदाला घालीन म्हनून बोललीया मी. पोरासाटनं बोललीया."

पोरगा म्हणजे दिग्विजय, फौजेत होता. थंडीत त्याला गोळी लागली, तेव्हा नवराबायको दोघंही देवापुढं बोलले. मंगल बोलली, कमानीपासून उंबऱ्यापर्यंत दंडवत घालीन. नानासो बोलला, पटांगण फरशीनं मढवीन. पोरगा वाचला. नानासोनं हौसेनं सगळ्यात महागाची, काळीकुळकुळीत फरशी आणली. पाला पडून घाण होते म्हणून पटांगणातली करंजाची दोन्ही झाडं तोडली. त्याच करंजांच्या सावलीत, मातीवर, बायका भर चैत्रात दंडवत घालत आल्या होत्या, हे काही त्या शहाण्याच्या टाळक्यात शिरलं नाही. आता फरशी दिवस मावळून गेला तरी धगधगते. तिच्या झळांनी समोरची आळी दारं लावून बसते. देवळात दुपारी कुत्रंसुद्धा टेकत नाही.

"थांब, पोती हातरतो."

"काय नगं. त्येच्या भुईला अंग लावीन म्हनलंय."

आणि ती पालथी पडली. उठली, हात टेकले होते तिथवर गेली, पुन्हा पडली. जमलेल्या बायकांनी पहिल्यांदा जोरात चांगभलं केलं, मग त्यांचे आवाज बसत गेले. नानासोनं घागरभर पाणी तिच्यापुढं ओतलं. ते बघता बघता सुकलं. दुसरी घागर ओतली तशी मंगलच ओरडली, "नगा वतू! पान्याचाच चटका बसतोय!"

रिकामी घागर घेऊन तो तिच्या बाजूनं एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत चालला. सगळं गाव बघत होतं. शरमेनं त्याला मेल्यागत झालं. उद्याच्या उद्या ही फरशी उखडून टाकावी, असं मनात आलं. पण देवाला दिलेलं परत कुठल्या तोंडानं घ्यायचं? पोराच्या जिवावरचं देणं होतं ते.

उंबऱ्याशी मंगल कशीबशी उठून बसली. तळहात टरारून फुगले होते, कोपरांची सालटी निघाली होती. पुजाऱ्यानं नैवेद्य दाखवून घंटा वाजवली.

"फिटला नवस," नानासो म्हणाला. "जोड हात."

मंगलनं हात जवळ आणले. ते जुळेनात.

"तुमीच जोडा," ती म्हणाली. "पर आता त्येला आनिक काय दिऊ नगा."