गालिच्यावरचा दाणा

हुइयाचं तोंड उघडं होतं, आणि त्यातून आवाज येत नव्हता.

एरॉल दोन पावलांवर उभा होता, हातात तिचं तोंड पुसायचा ओला टॉवेल. दहा महिन्यांची नात गालिच्यावर बसून डोळे विस्फारून त्याच्याकडे बघत होती. खोकला नाही, रडणं नाही. ओठांभोवती निळसर झाक यायला लागली होती. तिच्या मुठीत कुत्र्याच्या खाण्याचा एक कोरडा, तपकिरी दाणा होता. दुसरा कुठे गेला ते विचारायला नको होतं.

त्याने टॉवेल टाकला. तिला उचलून हातावर पालथं घेतलं, डोकं खाली, हनुवटी बोटांत धरून. दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळव्याने फटका मारला. मग दुसरा. एवढ्याशा पाठीवर जोर करायला हात धजत नव्हता. तिसरा त्याने जीव घट्ट करून मारला. चौथ्याला काहीतरी ओलं गालिच्यावर पडलं. एक लांब, खरखरीत श्वास आला आणि मग ती रडली. एरॉल तिला छातीशी धरून तिथेच खाली बसला.

टॉस कोपऱ्यातून बघत होता. चौदा वर्षांचा म्हातारा कुत्रा, एरॉलच्या गेलेल्या बायकोचा, बेरिलचा लाडका. अर्धे दात पडलेले. मागच्या पडवीत त्याला खायला घालायचं, संपलं की वाटी उचलायची, दाण्यांचा डबा उंच फळीवर ठेवायचा, दाराची कडी लावायची. यातलं सगळं एरॉलने सकाळी केलं होतं. पण म्हाताऱ्या टॉसने तोंडात धरून आणलेले दोन दाणे सोफ्याखाली ठेवले होते, ते त्याने पाहिले नव्हते.

हे सगळे नियम सुनेचे, मरामाचे. तीन आठवड्यांपूर्वी अचानक सुरू झालेले. तोवर मरामा पोरगीला त्याच्या मांडीवर टाकून हसत कामाला जायची. ब्लफ गावच्या बंदरावर कालवं उघडायच्या शेडमध्ये तिची पहाटेची पाळी असे, आणि त्याचा मुलगा कॉलम आठवडा आठवडा बोटीवर. मग एका सोमवारी ती कागदावर नियम लिहूनच आली. वर त्याला नगरभवनात प्रथमोपचाराच्या वर्गाला घेऊन गेली.

"चाळीस वर्षं समुद्रावर काढली मी," तो कुरकुरला होता. "आता रबरी बाहुलीकडून शिकू?"

"बाहुली उलटून बोलत नाही, कोरो. तिचं तरी ऐकाल." कोरो म्हणजे आजोबा, हुइया झाल्यापासून ती त्याला त्याच नावाने हाक मारी.

तो हसला होता, पण आत कुठेतरी लागलं होतं. बेरिल गेल्यापासून हिचा आपल्यावर भरवसा उरलेला नाही, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. आणि आज तिचं खरं ठरलं होतं.

बाराला तिचा फोन आला. रोज यायचा.

"ठीक आहे ना सगळं?"

हुइया त्याच्या कडेवर बसून त्याच्या शर्टाचं बटण ओढत होती. मान लाल झाली होती, बाकी काही दिसत नव्हतं. एरॉलने तोंड उघडलं. कळलं तर ही उद्यापासून पोरीला आणणार नाही. टॉसला कुणाच्या तरी शेतावर धाडावं लागेल. मग या घरात सामुद्रधुनीवरचा वारा आणि आपण.

"ठीक आहे," तो म्हणाला.

त्यानंतरचे तीन तास त्याने पोरीला खाली ठेवलं नाही. ती झोपली तेव्हा तिच्या नाकापाशी बोट धरून बसला. एकेक श्वास मोजला. एखादा उशिरा आला की तो तिच्या छातीवर हात ठेवायचा. छातीत तुकडा राहिला असला तर? आपण गप्प बसलो म्हणून रात्री काही झालं तर?

तीनला मरामा आली. अंगाला कालवांचा खारट वास. तिने दुसरा बूट काढायच्या आत तो बोलला.

"सकाळी टॉसचा दाणा तिच्या घशात अडकला. मी काढला. फोनवर तुझ्याशी खोटं बोललो."

मरामाचा एक बूट हातातच राहिला. ओरडेल, रडेल, काहीतरी फेकेल, याची तो वाट बघत होता. तिने झोपलेल्या पोरीच्या छातीला कान लावला. बराच वेळ ऐकलं.

"चला," ती म्हणाली. "डॉक्टरला दाखवून येऊ."

गाडीत तो मागे हुइयाजवळ बसला. हुइया जागी होऊन स्वतःचीच बोटं चोखत होती. मरामाने किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"उद्यापासून तू तिला आणणार नाहीस," एरॉल म्हणाला. "मला कळतं ते."

"कसा काढलात?"

"पाठीवर मारून. वर्गात शिकवलं तसं. चौथ्या फटक्याला."

तिने आरशातून मागे हुइयाकडे बघितलं.

"तीन आठवड्यांपूर्वी तिने आमच्या मांजरीचा दाणा तोंडात घातला, आणि तो घशात अडकला," ती म्हणाली. "आमच्याच स्वयंपाकघरात, माझ्या डोळ्यांदेखत. कॉलमलाही मी सांगितलेलं नाही. तुम्ही निदान हात तरी उचललात, कोरो. मी नुसती बघत उभी राहिले. तो दाणा बाहेर पडला, तो आपसूक."