शिखर राहिलं त्या दिवशी

"बारा वाजले की मागे फिरायचं, ताई. शिखर हातभर उरलं तरी," धाकटीने पायथ्याशी बजावलं. एक वॉकीटॉकी तिच्याकडे, एक माझ्याकडे.

बर्फ तुडवत मी एकटीच चढले. बाराला शिखर खरंच हातभर उरलं होतं, पण ढग उतरत होते. मनावर दगड ठेवून फिरले आणि धडधाकट खाली आले.

"शहाणी गं माझी बाई!" धाकटीने चहा पुढे केला. मी माझा वॉकीटॉकी बंद केला.

तेवढ्यात तिचा खरखरला. माझाच आवाज, धाप लागलेला.

"धाकटे, पोहोचले!"

आम्ही वर पाहिलं. ढग फाटून शिखर लखलखत होतं.

माझ्याकडे न बघता धाकटीने वॉकीटॉकीत हळूच विचारलं, "ताई, काय दिसतंय गं?"

आणि माझा आवाज रडत रडत सांगू लागला.